किसनआबा आणि सातवी अट

किसनआबांनी पहिल्याच भेटीत मला गेटवर अडवलं होतं.

मी तपासणी अधिकारी. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वृद्धाश्रमांत जायचं, खाटा मोजायच्या, माणसं मोजायची, स्वयंपाकघरात डोकावायचं आणि तपासणी तक्त्यात 'होय' किंवा 'नाही' लिहायचं, हे माझं काम. मी जाते तिथं आधी खुर्ची पुसली जाते, मग शाल-नारळ येतो. इथं मात्र एक उंच, काळासावळा, टोपीवाला माणूस स्टुलावर वही उघडून उभा होता. मला म्हणाला, "नाव लिवा, येळ लिवा, सही करा."

"मी तपासणीला आलेय," मी जरा आवाज चढवून सांगितलं.

"व्हय, वळाकलं. म्हून तर म्हंतोय लिवा. तपासणाऱ्यानंच न लिवता आत जायचं म्हंजी मंग बाकीच्यांनी का लिवावं?"

मी फणकाऱ्यानं साडेदहा लिहिलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकापुढं धरलं. दहा पन्नास झाले होते. मी खाडाखोड केली, तर त्या खाडाखोडीवरही त्यांनी माझी छोटी सही घेतली.

मी रागीट आहे हे आमच्या कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या माणसाच्या कारभारात दहा तरी चुका काढूनच परत जायचं. संध्याकाळपर्यंत दोन सापडल्या. एक, पाण्याच्या टाकीचं झाकण तडकलेलं होतं. दुसरी चूक त्यांनीच मला दाखवली.

हा वृद्धाश्रम वडगाव रासाईच्या बाजूला, भीमेच्या काठाजवळ. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. माणसं दोन्ही काठांवरची. बहुतेकांचं आयुष्य दुसऱ्याच्या रानात ऊस तोडण्यात नाहीतर कांदे काढण्यात गेलेलं, मूलबाळ नाही किंवा असून विचारत नाही, अशी. आबा इथले अधीक्षक. त्याआधी सगळी नोकरी त्यांनी पाटसकडं साखर कारखान्यात टाईमकीपर म्हणून काढली. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, हे लिहिण्यात तीसेक गळीत हंगाम घालवले. निवृत्तीनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, आबांना इथं आणून बसवलं. स्वतःचं घर, शेत, मुलगा-सून असं सगळं गावात असताना हा माणूस आश्रमाच्या मागच्या एका खोलीत राहायला आला. बायको वारल्यावर घरात हजेरी घ्यायला कुणी उरलं नाही, असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

त्यांची हजेरी ही बघण्यासारखी गोष्ट होती. मध्यंतरी आमच्या कार्यालयानं सगळीकडं अंगठ्याची यंत्रं दिली. ती इथं चालेनात, कारण कोयता आणि खुरपं धरून धरून म्हाताऱ्यांच्या अंगठ्यांवरच्या रेषाच पुसल्या होत्या. आबांनी यंत्राला स्वच्छ रुमाल बांधून कपाटात ठेवलं आणि आपली जुनी पद्धत चालू ठेवली. सकाळी सात वाजता ते खाटेखाटेपाशी जात. नाव घेत आणि विचारत, "आज काय?" नुसतं 'हजर' म्हटलेलं चालायचं नाही. आज काय करणार ते सांगावं लागायचं. "आज मेथी निवडायची." "आज नखं काढायची." "आज सून आठवंना असं करायचं." ते उत्तर ते वहीत लिहायचे, अगदी शब्दाला शब्द. सरकारी हजेरीपत्रकात असला रकाना नाही हे मी त्यांना सुनावलं.

"सरकारनं रकाना दिला न्हाई, पण समास तर सोडलाय नव्हं?" आबा म्हणाले.

पारूबाई नावाची एक म्हातारी होती, पलीकडच्या काठची. विधवा, पोटी कुणी नाही. तोंड असं की तिच्या शेजारची खाट महिन्याला बदलावी लागायची. ती रोज एकच उत्तर द्यायची, "आज कुणाशी भांडायचं ते ठरवायचंय." वहीत पानंच्या पानं हे वाक्य आहे. मी स्वतः मोजमाप घेणारी बाई, पण ती पानं चाळताना हसू आवरलं नाही.

दुपारी तीन वाजता आबा सगळ्यांना ओसरीत बसवून वाचन करत. वाचायचे काय, तर अनुदानाचा मूळ शासन निर्णय. त्याला त्यांनी पोथीसारखं कापड शिवलं होतं. एकेक अट वाचायची आणि समजावून सांगायची. ज्याच्या जोरावर आपलं जेवण येतं ते आपल्याला ठाऊक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. परिणाम असा झाला की माझ्या दुसऱ्या भेटीत मी अंघोळीच्या गरम पाण्याबद्दल काही बोलत असताना पारूबाईनं मला मध्येच तोडलं. "मॅडम, ती अट बारावी हाय. तुमी तेरावी सांगाया लागलाय." मी बॅगेतून कागद काढून पाहिला. बाराच होती. आबा छताकडं बघत उभे राहिले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

यात्रेची गोष्ट तर आमच्या कार्यालयात अजून सांगतात. आपल्याकडं माणूस कुठंही असो, गावच्या यात्रेला पोचलाच पाहिजे. घर पडलेलं असो, भावकीत बोलणं नसो, देवाच्या पालखीपुढं उभं राहायचंच. चैत्रात आश्रमातले दोन म्हातारे आपापल्या गावच्या यात्रेला गेले. आबांनी त्यांचे रीतसर रजेचे अर्ज घेतले. नेमकी त्याच दिवशी मी न कळवता तपासणीला गेले. आबा सिलिंडर आणायला बाहेर होते. खाटा रिकाम्या दिसल्या तर अनुदान कापलं जाईल या भीतीनं अण्णांनी, भाबडेपणानंच म्हणायचं, गावच्या पारावरून दोन म्हातारे आणून त्या खाटांवर बसवले. पांघरुणंसुद्धा दिली, चैत्रात.

मी त्यातल्या एकाला विचारलं, "बाबा, इथं येऊन किती दिवस झाले?"

"धा मिंटं झाली."

"जेवण कसं असतं इथलं?"

"आजून वाढलं न्हाई. वाढलं का सांगतो."

अण्णांचा चेहरा पडला. दुसऱ्या बाबांना वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून ते मदतीला धावले. "मॅडम, आमाला काय कमी न्हाई हितं. घरी चार एकर ऊस हाय."

तेवढ्यात आबा आले. त्यांनी क्षणभर सगळं पाहिलं. मग पांघरुणांच्या घड्या केल्या, दोघांना हात धरून ओसरीत नेलं, चहा दिला आणि माझ्यापुढं रजेचे अर्ज आणून ठेवले. "दोघं यात्रेला गेल्यात. परवा येतील. त्येंच्या खाटा रिकाम्या हायेत असं लिवा." अण्णा कळवळून म्हणाले, "अवो आबा, अनुदान कापत्याल ना!" त्यावर आबा म्हणाले, "कापू द्या. खोटी माणसं बसवली तर उद्या खरी माणसं बी खोटी ठरत्याल." मी आक्षेप लिहिला. तो त्यांनी दोनदा वाचला आणि एक शब्द बदलायला लावला, कारण मी 'विनापरवानगी' लिहिलं होतं.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस माझ्या खात्यात हवा होता.

आता पारूबाईची गोष्ट सांगते, कारण त्या गोष्टीत मीच उभी आहे, आणि फारशी चांगली दिसत नाही.

पारूबाईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सरकारी दवाखान्यातून तीन आठवड्यांनी ती परत आली ती आडवीच. अण्णांनी मला फोन करून विचारलं, आता काय करायचं? मी बारा वर्षं जे सांगत आले तेच सांगितलं. तपासणी तक्त्यात अकरावा प्रश्न आहे, 'सर्व लाभार्थी स्वतःची कामे स्वतः करतात काय?' अंथरुणावरचा माणूस दिसला तर मला 'नाही' लिहावं लागेल, आणि 'नाही' लिहिलं की सगळ्या आश्रमाचं अनुदान अडकेल. मी हे अगदी सहज बोलले. समोर फाईल होती, चहा होता.

तपासणीच्या ठरलेल्या दिवशी मी पोचले तेव्हा गेटपाशी एक छोटा टेम्पो उभा होता. मागं गादी अंथरलेली. अण्णा होते, आणि पलीकडच्या काठावरून पारूबाईचा पुतण्या आला होता. पुतण्या वाईट माणूस नव्हता. नवरा-बायको दोघं कंपनीत, दोघांच्या शिफ्टा. तो मान खाली घालून मला म्हणाला, "मॅडम, नेतो मी काकूला. फकस्त दिवसा दाराला कुलूप लावून जावं लागंल." म्हणजे ती बाई दिवसभर बंद खोलीत एकटी पडून राहणार होती. पाणी कोण पाजणार, कूस कोण बदलणार, हे आम्हा तिघांपैकी कुणीच विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं.

आत पारूबाईनं डाव्या हातानं खाटेची दांडी धरली होती. बोटं पांढरी पडेपर्यंत. शेजारी आबा खुर्चीवर बसलेले, मांडीवर ते कापडात बांधलेलं बाड.

"मॅडम," ते म्हणाले, "एकच इचारतो. तुमच्या तक्त्यातला अकरावा प्रश्न कुठल्या अटीवरनं आलाय?"

"सातव्या."

"मंग सातवी वाचून दावा. मोठ्यानं."

मी चिडले. पण वाचलं. खोलीतले सगळे म्हातारे ऐकत होते आणि मला पक्कं जाणवत होतं की त्यांना ती अट पाठ आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रवेश'. खाली लिहिलं होतं की प्रवेशाच्या वेळी अर्जदार स्वतःची कामं स्वतः करू शकणारा असावा आणि तसा डॉक्टरांचा दाखला जोडावा. एवढंच. पुढं काही नव्हतं. मी पान उलटलं, मागचं पान पाहिलं. आत आल्यानंतर माणूस पडला तर काय, याबद्दल त्या निर्णयात एक ओळ नव्हती.

"पारूबाई आली तवा चालत आली," आबा म्हणाले. "दाखला फायलीत हाय. ही अट दाराची हाय मॅडम, खाटंची न्हाई. आत आलेला माणूस म्हातारा व्हनारच की. त्याच्यासाठीच तर आनलाय त्याला!"

मी कार्यालयात फोन लावला. मोठे बाबू म्हणाले, तक्ता पहिल्यापासून असाच आहे. कुणी केला? कधीतरी कुणीतरी सोयीसाठी टाईप केला असेल, आणि आम्ही सगळे त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढत आलो. मूळ निर्णय वाचायची गरज बारा वर्षांत मला एकदाही वाटली नव्हती. तक्ता होता ना! आम्हा सरकारी माणसांना चौकोन मिळाला की त्यात बरोबरची खूण करायची घाई होते, तो चौकोन कुणी आखला हे आम्ही बघत नाही.

मला त्या क्षणी दुसऱ्या एका आश्रमातले आजोबा आठवले. माझ्या 'नाही'नंतर त्यांची पिशवी भरलेली मी पाहिली होती, आणि संस्थेनं अट पाळली म्हणून शेरा चांगला दिला होता. असे आणखी किती, मला सांगता येणार नाही. आबांना मी ते सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता म्हाईत झालं नव्हं? मंग लिवा."

मी लिहिलं. 'सदर लाभार्थी प्रवेशाच्या वेळी सक्षम होत्या. अट पूर्ण आहे.' अण्णांनी टेम्पो परत पाठवला. पुतण्या जाताना आबांच्या पाया पडला आणि दर रविवारी यायचं कबूल करून गेला. तो खरंच येत राहिला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

माझ्या त्या दोन वाक्यांनी वरती मोठी खळबळ झाली. सातव्या अटीचा अर्थ काय, याचा मंत्रालयाकडून खुलासा मागवला गेला आणि तो येईपर्यंत आश्रमाचं अनुदान थांबलं. अण्णांनी डोक्याला हात लावला, पण नंतर त्यांनीच पोत्यानं ज्वारी आणि गहू पाठवले, हेही खरं. आसपासचे भाजीवाले शेतकरी बाजाराला जाताना गेटवर वांगी, कोबी, कांदे उतरवून जायचे. आबा दर सोमवारी आमच्या कार्यालयाला एक पत्र पाठवत. तीन ओळींचं. 'तक्त्यातील प्रश्न क्रमांक अकरा मूळ निर्णयातील कोणत्या अटीवर आधारित आहे, हे कळावे.' ना तक्रार, ना विनवणी. दर सोमवारी तोच प्रश्न, नव्या तारखेनं. आमच्या आवक कारकुनानं शेवटी हात जोडले. "मॅडम, या माणसाला कुणीतरी उत्तर द्या हो."

आठ महिन्यांनी उत्तर आलं. अट फक्त प्रवेशापुरती. नंतर आजारी पडलेल्या लाभार्थ्याला काढता येणार नाही, अनुदान चालू राहील. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या आश्रमांसाठी तक्ता बदलला. मी ते पत्र टपालानं न पाठवता स्वतः घेऊन गेले. आबांनी ते तीन वाजताच्या वाचनात वाचलं. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी आता पडलो तरी हितंच?" आबा म्हणाले, "हितंच." तो उठून शांतपणे बाहेर गेला आणि तोंड धुऊन आला. मला माझ्या नोकरीचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तो मिळवून दिला होता त्या माणसानं ज्याच्या चुका काढायला मी आले होते.

पारूबाई पुढं दीड वर्ष जगली. हजेरीच्या वेळी आबा तिच्या खाटेशी थांबत आणि विचारत, "पारूबाई, आज काय?" ती डाव्या हाताची मूठ आवळून वर करायची. आबा लिहायचे, 'भांडण.' ती गेली तेव्हा तिची खाट खिडकीशी होती आणि कूस बदलणारे चार हात जवळ होते.

मग माझी बदली झाली. जायच्या आधीची शेवटची तपासणी मी मुद्दाम याच आश्रमाची ठेवली. खाटा मोजल्या, माणसं मोजली. अंथरुणावर तिघं होती, तिघांचे प्रवेशाचे दाखले फायलीत होते. तक्ता भरून झाला, पण आबा कुठं दिसेनात. स्वयंपाकीण म्हणाली, मागं खोलीत आहेत.

दार उघडं होतं. आबांच्या स्वतःच्या कॉटवर एक अनोळखी म्हातारा पडलेला होता, पायांत जीव नसलेला, गालफडं बसलेला. बाह्या दुमडून आबा त्याची दाढी करत होते.

"हे कोण?" मी विचारलं.

"ह्यांना तक्त्यात धरू नका," आबा वर न बघता म्हणाले. "गेटवर कुणी तरी खाली ठिवून गेलं. आडवंच आल्यात, त्यामुळं प्रवेश देता येत न्हाई. सातवी अट."

"मग?"

"मग काय! ही खोली संस्थेनं मला राह्याला दिलीय. अधीक्षकानं आपल्या खोलीत कुणाला ठिवावं ह्याला अट न्हाई. समदं वाचलंय मी."

"आणि तुम्ही?"

"पडवीत. वारं झ्याक येतंय."

टेबलावर अर्धवट लिहिलेला कागद होता. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'सातवी अट बदलणेबाबत.' मी म्हटलं, "आबा, तक्ता बदलणं वेगळं. तो आमचाच होता. अट बदलायला फार वेळ लागेल."

"मागल्या येळंला आठ म्हैनं लागलं. आवंदा दोन वर्सं धरू." त्यांनी वस्तरा पुसला. "तुमची तपासणी झाली नव्हं?"

"झाली."

"मग ही पाण्याची वाटी धरा जरा. मला तिसरा हात न्हाई."

मी पेन पर्समध्ये टाकलं आणि वाटी धरून उभी राहिले. आबांनी दोन बोटांनी म्हाताऱ्याचा गाल ताणला आणि हळूच वस्तरा फिरवला.